नजरेने अंतर ओळखायला शिकूया

बचत गटातल्या सगळ्या ताई, काकू, मावश्या आणि त्यांच्याजवळ बसून ऐकणाऱ्या मुलींनो, आजचा विषय जरा वेगळा आहे. कर्ज, हप्ते, शेळीपालन हे आपण नेहमी बोलतो. आज बोलूया तिरंदाजीबद्दल, आणि त्यातल्याही एकाच गोष्टीबद्दल. समोरचं टार्गेट किती मीटरवर आहे, हे नुसत्या डोळ्यांनी कसं ओळखायचं?

तुम्ही म्हणाल, हे आमच्या काय कामाचं? तर बघा, आपल्या कितीतरी गावांतल्या मुली आता धनुष्यबाण हातात घेताहेत. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला जगज्जेती झाली, तेव्हा ती फक्त १७ वर्षांची होती. त्याच स्पर्धेत नागपूरचा ओजस देवतळे मुलांमध्ये जगज्जेता झाला. त्याआधी भारताच्या कुणालाही तिरंदाजीत वैयक्तिक जागतिक अजिंक्यपद मिळालं नव्हतं. ते आलं तेव्हा आपल्या महाराष्ट्रातल्या दोन लेकरांनी आणलं. तेव्हापासून "मलाही शिकायचंय" म्हणणाऱ्या मुली गावोगावी दिसतात. त्यांना मैदान द्यायचं, वेळ द्यायचा की "नको गं बाई" म्हणून थांबवायचं, हे शेवटी घरात आणि गटाच्या बैठकीतच ठरतं. म्हणून हा विषय आपला आहे.

अंतर चुकलं की काय होतं

बाण सरळ रेषेत जातो असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. धनुष्यातून सुटल्या क्षणापासून तो खाली यायला लागतो, अगदी हातातून सुटलेल्या लिंबासारखा. फक्त तो वेगाने पुढेही जात असतो, म्हणून ते खाली येणं दिसत नाही. टार्गेट जितकं लांब, तितका जास्त वेळ बाण हवेत, आणि तितका तो जास्त खाली. म्हणूनच लांबच्या टार्गेटला नेम थोडा वर धरावा लागतो. किती वर, ते अंतरावर ठरतं.

थोडा हिशेब करू. धरून चालू की बाण सेकंदाला ५० मीटर जातो. हवेचा अडथळा सध्या सोडून देऊ. ३० मीटर जायला त्याला सेकंदाचे सहा दशांश लागतील, आणि तेवढ्यात तो जवळजवळ पावणेदोन मीटर खाली येईल. म्हणजे एका माणसाची उंची! आता समजा, टार्गेट खरं तर ३३ मीटरवर आहे आणि मुलीने ते ३० मीटरवर आहे असं धरून नेम घेतला. बाण मधल्या ठिपक्याच्या १९ सेंटिमीटर खाली लागेल, म्हणजे जवळजवळ एक वीत. टार्गेट ३५ मीटरवर असेल आणि अंदाज ३० चाच असेल, तर बाण ३४ सेंटिमीटर खाली, म्हणजे दीड वीत. नेम चांगला, हात स्थिर, श्वास बरोबर, सगळं ठीक. फक्त अंतर चुकलं.

उलटही होतं. ४५ मीटरवरचं टार्गेट ५० वर आहे असं वाटलं, तर बाण ४४ सेंटिमीटर वर जाईल. टार्गेटचा कागद ८० सेंटिमीटरचा असेल तर मधल्यापासून त्याची वरची कड ४० सेंटिमीटरवर. म्हणजे बाण कागदाच्या वरून गेला. आता तो कुठे थांबणार? मागे मातीचा बांध असेल तर बांधात. नसेल तर? हा प्रश्न लक्षात ठेवा, मी परत त्यावर येणार आहे.

कोणत्या खेळात डोळ्यांचा अंदाज लागतो

आपण टीव्हीवर ऑलिंपिक बघतो, तिथे अंतर ठरलेलं असतं, ७० मीटर. टार्गेटचा कागद १२२ सेंटिमीटरचा आणि मधलं दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम १२ सेंटिमीटरचं, म्हणजे साधारण चहाच्या बशीएवढं. अदिती खेळते त्या कंपाउंड प्रकारात ५० मीटर. गावात बांबूच्या धनुष्याने मुली खेळतात त्या इंडियन राउंडमध्येही वयोगटाप्रमाणे अंतर ठरवून दिलेलं असतं. या सगळ्यांत अंतर ओळखायची परीक्षा नसते.

पण तिरंदाजीचा आणखी एक प्रकार आहे, फील्ड तिरंदाजी. ती सपाट मैदानावर होत नाही. रान, डोंगरउतार, ओढ्याकाठ अशा जागेतून एक वाट आखलेली असते. त्या वाटेवर २४ टार्गेट असतात आणि खेळाडू चालत चालत एकेका टार्गेटवर तीन-तीन बाण मारत पुढे जातात. यात काही टार्गेटचं अंतर लिहिलेलं असतं आणि काहींचं मुद्दाम लिहिलेलं नसतं. तिथे मोजायचं यंत्र चालत नाही. एकमेकींना "किती असेल गं?" असंही विचारायचं नाही. आपापली नजर, आपापला अंदाज.

पण त्या खेळात एक खूण उघड दिसते. टार्गेटचे कागद चार मापांचे असतात, २०, ४०, ६० आणि ८० सेंटिमीटर. अंतर लिहिलेलं नसलं तरी कोणता कागद कोणत्या टप्प्यात लावायचा ते नियमात ठरलेलं आहे. साईट लावलेल्या धनुष्याच्या मोठ्या खेळाडूंना २० चा कागद १० ते १५ मीटरवर, ४० चा १५ ते २५ वर, ६० चा २० ते ३५ वर आणि ८० चा ३५ ते ५५ मीटरवर. साईट नसलेल्या साध्या धनुष्याला हे टप्पे थोडे जवळ, म्हणजे ८० चा कागद ३० ते ४५ मीटरवर. शिवाय २० चे छोटे कागद एकत्र १२ लावतात आणि ४० चे चार. म्हणजे कागद मोजले की माप कळलं, आणि माप कळलं की अंतराची दोन्ही टोकं कळली. मधला आकडा तेवढा डोळ्याने शोधायचा.

आपल्याकडची मापं

आता शिकायचं कसं ते सांगते. अंतर ओळखायला आधी डोळ्यात एक माप पक्कं बसावं लागतं. आणि मैत्रिणींनो, ते माप आपल्याकडे आहे.

एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा. ३३ फूट म्हणजे १० मीटर आणि वर ६ सेंटिमीटर. म्हणजे चौकोनी गुंठ्याची एक बाजू १० मीटरचीच धरा! गुंठाभर मेथी केलेल्या बाईला १० मीटर कुणी शिकवायला नको. ३० मीटर म्हणजे तीन गुंठ्यांच्या बाजू एकापुढे एक. ५० मीटर म्हणजे पाच. ऑलिंपिकचं ७० मीटर म्हणजे सात. चौरस एकराची बाजू साधारण ६४ मीटर येते, म्हणजे एकराचा एक बांध संपला की आणखी सहा मीटर पुढे गेलं की ऑलिंपिकचं टार्गेट.

आणखी मापं आहेत. सहावारी साडी साडेपाच मीटर, तशा दोन साड्या टोकाला टोक लावून अंथरल्या की ११ मीटर. क्रिकेटच्या दोन्ही बाजूंच्या स्टंपांमधलं अंतर २० मीटरच्या किंचित वर. खो-खोचं मोठं मैदान २७ मीटर लांब. शाळेत आखलेलं असेल तर मुलींना रोज दिसतंच. विजेच्या दोन खांबांमधलं अंतर मात्र गावागावात वेगळं असतं, ते एकदा मोजून घ्या.

पाच रीती

पहिली रीत, आपली पावलं ओळखायची. गवंड्याकडून लांब टेप मागून आणा आणि ५० मीटर सरळ मोजून दोन टोकांना दगड ठेवा. आता नेहमीच्या चालीने, मुद्दाम लांब ढांगा न टाकता, तीनदा चाला आणि पावलं मोजा. कुणाची ७५ भरतील, कुणाची ८५. तिन्ही वेळची सरासरी काढा आणि आपला आकडा पाठ करा. त्यानंतर टेप नसला तरी तुमचे पायच टेप.

दुसरी रीत, १० मीटरचा तुकडा डोळ्याने पुढे पुढे मांडत जायचा. उभ्या जागेपासून जमिनीवर पहिला १० मीटर कुठे संपतो ते बघा. तिथलं एखादं झुडूप, दगड धरा. तिथून पुढचा १०, मग पुढचा. एक लक्षात ठेवा, लांबचे १० मीटर डोळ्याला आखूड दिसतात. रेल्वेचे रूळ लांब जवळ आल्यासारखे दिसतात तसंच. म्हणून चौथ्या-पाचव्या तुकड्यात घाई करू नका.

तिसरी रीत, अर्ध्यावर थांबायचं. टार्गेट आणि आपण यांच्या बरोबर मध्ये एखादी खूण शोधा. तिथपर्यंतचं अंतर ओळखा आणि दुप्पट करा. जवळचं अंतर आपण नेमकं ओळखतो, त्याचा फायदा घ्यायचा. पण अर्ध्यातली चूकही दुप्पट होते, म्हणून मध्य नीट शोधा.

चौथी रीत, दोन्हीकडून बांध घालायचा. "३० पेक्षा कमी असणं शक्यच नाही. ४० पेक्षा जास्तही नाही." मग मधला आकडा ३५. तो जास्त वाटतो की कमी, हे पुन्हा एकदा बघायचं. बाजारात भाव करताना आपण वरून-खालून असंच मध्यावर येतो ना, तसंच.

पाचवी रीत अंगठ्याची. हात समोर ताठ करा, अंगठा वर. एक डोळा मिटून अंगठा टार्गेटवर धरा. आता हात न हलवता डोळा बदला. अंगठा बाजूला उडी मारल्यासारखा दिसेल. तो टार्गेटजवळच्या जागेवर किती सरकला ते ओळखा आणि दहाने गुणा. तिथे मोटरसायकल उभी असेल तर ती साधारण दोन मीटर लांब असते. अंगठा दीड मोटरसायकल सरकला तर ३ मीटर, म्हणजे टार्गेट ३० मीटरवर. हे जमतं, कारण बहुतेकांच्या हाताची लांबी दोन डोळ्यांमधल्या अंतराच्या दहापट असते. कुणाचा आकडा नऊ निघेल, कुणाचा अकरा. २० मीटरवर दोन मीटर अंतराने दोन काठ्या रोवून आपला आकडा तपासून घ्या.

एकाच रीतीवर विसंबू नका. दोन रीतींनी एकच उत्तर आलं तर भरवसा ठेवा. दोन्हींत १० मीटरचा फरक आला तर पुन्हा बघा.

डोळा कुठे फसतो

ऊन टार्गेटवर पडलं असेल आणि पाठीमागे सूर्य असेल, तर टार्गेट जवळ वाटतं. तेच टार्गेट आंब्याच्या दाट सावलीत असेल तर लांब वाटतं. मध्ये ओढा, घळ किंवा पाणी असेल तर जवळ वाटतं, कारण मधली खोलगट जमीन डोळ्याला दिसतच नाही, म्हणून ती मोजलीच जात नाही. अरुंद वाटेतून, दोन्हीकडच्या झाडांमधून बघितलं की लांब वाटतं. मागे मोठा डोंगर असला की टार्गेट बारीक दिसतं, म्हणून तेही लांब वाटतं. अशा जागी पहिला अंदाज मनात आला की स्वतःला विचारायचं, "ही सावली मला फसवतेय का? हा ओढा मला फसवतोय का?"

चढ-उताराची गोष्ट वेगळी. शिडी भिंतीला लावली तर शिडीची लांबी जास्त असते आणि पायथ्यापासून भिंतीपर्यंतची जमीन कमी. बाण किती खाली येणार हे बहुतांशी त्या जमिनीवरच्या सपाट अंतरावर ठरतं. उतार ३० अंशांचा असेल आणि तिरपं अंतर ३० मीटर असेल, तर सपाट अंतर २६ मीटरच. म्हणून टार्गेट वर असो की खाली, तीव्र उतारावर नेम थोड्या कमी अंतराचा धरतात. खाली मारताना मुली हमखास उलट समजतात, त्यांना हे शिडीवरून समजावून सांगा.

अंदाजाची वही

नुसते अंदाज करत राहिलं तर ते अंदाजपंचेच राहतात. तपासलं आणि लिहिलं की ती विद्या होते. आपण गटाचा पै-पैचा हिशेब लिहितो, तशीच एक वही मुलींना घाला. रकाने पाच: तारीख, जागा, माझा अंदाज, खरं अंतर, फरक. कमी ओळखलं तर उणे, जास्त ओळखलं तर अधिक.

एक उदाहरण बघा. खरी अंतरं होती २०, २५, ३०, ३५ आणि ४० मीटर. मुलीने ओळखली १८, २२, २७, ३१ आणि ३६. पाचही वेळा कमी, आणि दरवेळी साधारण दहावा हिस्सा कमी. ही नजर वाईट नाही, मैत्रिणींनो. फक्त तिला एक खोड आहे आणि ती आता सापडली! या मुलीने आपल्या अंदाजात दहावा हिस्सा मिळवला की ती खऱ्याच्या एका मीटरच्या आत येते. दुसरीची खोड वेगळी असेल. तिसरी उन्हात बरोबर आणि सावलीत चुकीची असेल. वही नसेल तर हे कळणारच नाही.

एक नियम पाळा. आधी प्रत्येकीने आपापला आकडा गुपचूप लिहायचा, मग बोलायचं, मग मोजायचं. पहिली मोठ्याने "पस्तीस" म्हणाली की बाकी सगळ्या चौतीस-छत्तीस म्हणतात. बैठकीत नाही का होत असं!

मैदानाचा प्रश्न

आता मघाचा प्रश्न. आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत काही आयांनी स्पष्टच सांगितलं, "मुली गायरानात बाण मारतात, मागून पाणंद जाते. आम्ही सरपण घेऊन तिथून येतो. बाण आला तर कोण जबाबदार? बंद करा." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मुलींच्या आया म्हणत होत्या, "पाणंद लांब आहे, काही होत नाही." किती लांब, हे मात्र कुणालाच सांगता येईना. कुणी ५० मीटर म्हणालं, कुणी दीडशे.

तेव्हा बैठक उठून गायरानातच गेली. प्रत्येकीने अंदाज लिहिला आणि मग टेपने मोजलं. टार्गेटपासून पाणंद ७० मीटरवर निघाली. ७० मीटर ऐकायला पुष्कळ वाटतं. पण सेकंदाला ५० मीटर जाणारा बाण उंच सुटला तर २०० मीटरच्या आसपास जाऊ शकतो. म्हणजे "लांब आहे" हे उत्तर चुकीचं होतं. आणि "बंद करा" हे एकच उत्तर नव्हतं. टार्गेटची दिशा फिरवली. आता मागे टेकडीचा उभा उतार आहे, चुकलेला बाण मातीत जातो. सरावाच्या वेळी लाल कापड लावतात आणि दोन बायका पाळीपाळीने लक्ष ठेवतात. मुलींचा सराव चालू राहिला आणि सरपणाची वाटही मोकळी राहिली.

तुमच्याही गावात मैदान करायचं असेल तर एवढं पाळाच. मारायची रेघ एकच, तिच्या पुढे कुणीही नाही. टार्गेटमागे उंच बांध किंवा उतार. सगळ्यांचे बाण मारून झाल्याशिवाय कुणी बाण आणायला जायचं नाही. बाण कधीही आभाळाकडे सोडायचा नाही. धनुष्य माणसाकडे किंवा जनावराकडे रोखायचं नाही, गंमत म्हणूनही नाही. बाण न लावता दोरी ताणून सोडायची नाही, धनुष्य फुटतं आणि हाताला लागतं. आणि शिकवणारं माणूस हजर असल्याशिवाय धनुष्य बाहेर काढायचं नाही.

धनुष्य नसलं तरी

शेवटी मुलींसाठी. धनुष्याला पैसे लागतात, त्यासाठी थांबावं लागतं. पण नजर तयार करायला एक रुपयाही लागत नाही. शाळेच्या वाटेवर ठरवायचं, त्या वडापर्यंत किती? आकडा मनात पक्का करायचा आणि पावलांनी मोजत जायचं. घरी येऊन वहीत लिहायचं. दिवसाला पाच अंदाज केले तरी महिन्याला दीडशे होतात. हातात धनुष्य येईल तेव्हा नजर तयार असेल.

आणि तायांनो, तुमच्यासाठी या महिन्याचं काम. गटाच्या पुढच्या बैठकीला एक टेप आणि एक वही घेऊन या. बैठकीच्या जागेपासून दिसणाऱ्या पाच जागा निवडा: हातपंप, देऊळ, शाळेचं फाटक, काहीही. प्रत्येकीने अंदाज लिहा, मग मोजा. पिठाच्या गोळ्यावरून भाकरी किती होतील हे सांगणारी, दोराच्या वेढ्यांवरून विहिरीचं पाणी ओळखणारी आपली नजर आहे. तिला मीटरचा आकडा जोडायचा, इतकंच. मग मैदान कुठे करायचं, बाण कुठपर्यंत जाईल, हे ठरवताना कुणी "तुम्हाला काय कळतंय" म्हणालं, तर तुमच्याकडे मोजलेला आकडा असेल.

वहीतले आकडे रेडिओला कळवा. कोणत्या गटाचा अंदाज सगळ्यात जवळ आला, ते पुढच्या भागात सांगू. तोपर्यंत, नमस्कार.